दोन ठिपक्यांची मॅगझिन

फौजेतल्या सतरा वर्षांच्या नोकरीत माझ्या पाच पोस्टिंग झाल्या. सहावी मुलुंडची. पहिल्या पाच सरकारने दिल्या, ही मी स्वतः मागून घेतली. गाव आजरा तालुक्यात. बायको आणि मुलगी तिकडे. मी नाहूरला एका खोलीत राहतो. आम्ही तिघे जण आहोत, तिघेही माजी सैनिक, तिघेही कुठल्या ना कुठल्या दारावर उभे असतो. माझं दार एका सराफाच्या दुकानाचं आहे.

सिव्हिलमधली माणसं विचारतात, फौजेत काय शिकलात. मी नववीत शाळा सोडली आणि पलटणीत कुक म्हणून भरती झालो. त्यामुळे माझं पहिलं उत्तर असतं, दोनशे माणसांची डाळ. लोक हसतात आणि विषय संपतो. दुसरं उत्तर जरा लांब आहे, ते इथे लिहितो.

दुकानाचे मालक नाना पेडणेकर. मूळचे मालवणकडचे, पण आजोबांपासून मुलुंडात. त्यांचा मुलगा निखिल आता रोजचा कारभार बघतो. मी त्याला निखिलदादा म्हणतो, तो मला दत्ताकाका. नानांच्या पत्नीला सगळा रस्ता काकू म्हणतो. घर दुकानाच्या वरच. दुपारचं माझं जेवण रोज वरून येतं. मी मागितलं नव्हतं. पहिल्या दिवशी ताट आलं आणि मग येतच राहिलं.

माझ्याकडे नानांच्या लायसन्सवरची बारा बोरची डबल बॅरल बंदूक होती. दिसायला दणदणीत. लोक बघूनच बाजूला होतात. पण गेल्या वर्षी आमच्याच रस्त्यावर पलीकडच्या एका दुकानात भरदिवसा दोघे जण हेल्मेट घालून शिरले. तिथल्या गार्डकडेही अशीच लांब बंदूक होती. दुकान अरुंद, मध्ये गिऱ्हाइकं. तो बंदूक खांद्यावरून उतरवून फिरवेपर्यंत ते दोघे निघून गेले होते. कुणी दगावलं नाही. गार्डच्या कपाळाला सात टाके पडले. त्या संध्याकाळी मी आमच्या दुकानात बंदूक घेऊन वळून बघितलं. नळी काउंटरच्या काचेला लागत होती.

नानांनी पिस्तुलासाठी अर्ज केला. रिटेनर म्हणून माझं नाव चढलं. म्हणजे हत्यार मालकाचं, चालवायची परवानगी मालकाला आणि मला. कागद फिरत राहिले आणि पिस्तूल आलं तेव्हा गणपती होऊन गेले होते. पॉइंट थर्टी टू बोर, आखूड नळी, तळहाताहून जरासं मोठं. सोबत गोळ्या भरायच्या दोन मॅगझिन, एकेकीत आठ.

निखिलदादाने मला बाजूला घेऊन सांगितलं, "काका, धनत्रयोदशीच्या आत हे दारात पाहिजे. तेव्हा गर्दी किती असते बघता ना तुम्ही? नाही जमलं तर मी एजन्सीची दोन पोरं घेतो. त्यांचं हत्यार, त्यांची जबाबदारी. टेन्शनच नको."

"आणि मी?"

"तुम्ही पण बघा ना. गावाला तुमची गरज असेलच."

तो वाईट बोलला नाही. त्याच्या जागी तो बरोबर होता. पण माझा स्वभाव काळजीचा. कुलूप लावलं तरी मी तीनदा ओढून बघतो. मुलीच्या नर्सिंगचं दुसरं वर्ष चालू होतं. त्याहून मोठी काळजी वेगळी होती. पिस्तूल दारात लावायचं, तर ते चालेल की नाही हे सांगणारा माणूस मीच होतो. नुसती नोकरी टिकवायची म्हणून "चालतंय" म्हटलं असतं, तर कुणी विचारलं नसतं. आणि ते पुढे ज्या दिवशी चाललं नसतं, त्या दिवशी दारात मी, आत नाना आणि गिऱ्हाइकं.

कुकला हत्यार कसं कळतं, असं कुणालाही वाटेल. पलटणीत प्रत्येक जण फायर करतो, कुकसुद्धा. पण मला शिकवलं ते नाईक गुरव यांनी, नाईक हा फौजेतला हुद्दा. ते कोतमध्ये होते. कोत म्हणजे हत्यारं ठेवायची खोली. मी लंगरमधून, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरातून, त्यांचा चहा घेऊन जायचो. एकदा थांबलो आणि बघत उभा राहिलो. त्यांनी चिंधी माझ्या हातात दिली. तेव्हापासून दुपारची भांडी घासून झाली की मी कोतमध्ये. तेही आमच्याच भागातले, त्यामुळे बोलणं गावचं.

एकदा नव्या रायफली आल्या. मी खूश होऊन बघत होतो.

"नवं हत्यार म्हंजे काय रं दत्तू?"

"चांगलं हत्यार, उस्ताद."

"अनोळखी हत्यार. त्याला लगेच चांगलंबी म्हणू नगं, वाईटबी म्हणू नगं. वळख होऊ दे." मग म्हणाले, "आन् अडकलं तर आधी मॅगझिन बघायची. मग गोळी. मग आपला हात. हत्याराला शिव्या सगळ्यात शेवटी. तुम्ही लंगरवाले डाळ करपली की आधी स्टोव्हला शिव्या देता."

मुलुंडात मी त्याच क्रमाने लागलो. पिस्तूल उघडलं. कारखान्यातलं घट्ट ग्रीस पुसून काढलं, हलकं तेल दिलं. दुकान उघडण्याआधी मागच्या खोलीत बसून रिकाम्या पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढायची आणि सोडायची. नव्या स्लाइडला खरखर असते. ती हाताला कळते आणि रोज थोडी कमी होते. निखिलदादा कॉफी घेऊन आला की दारातून म्हणायचा, "काका, व्यायाम झाला का पिस्तुलाचा?"

दोन्ही मॅगझिन दिसायला सारख्या. कुठली अडते हे कळायचं तर खूण हवी. मी रंग शोधत होतो. काकूंनी स्वतःची नेलपॉलिश आणून दिली, भडक लाल. साठी उलटली तरी त्या लावतात. मी एकीच्या बुडाशी एक ठिपका दिला, दुसरीला दोन.

रेंजला आम्ही अंधेरीच्या बाजूला एका क्लबमध्ये गेलो. नाना, निखिलदादा आणि मी. काडतुसं मोजकी मिळतात, त्यामुळे एकेक गोळी कामाची. पहिल्या दिवशी पन्नास ठेवली होती. सुरुवातीलाच दोनदा गोळीची रिकामी केस बाहेर न पडता स्लाइडच्या खिडकीतच उभी अडकली. निखिलदादाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "अजून रुळलं नाही." पुढे पिस्तूल गरम झालं, स्लाइड मोकळी झाली आणि शेवटची काडतुसं एकही न अडकता गेली. दोन्ही मॅगझिनमधून. नाना स्वतः आठ फायर करून खुर्चीत बसले आणि हात चोळत म्हणाले, "झकास आहे रे."

मी चांगलं म्हटलं नाही. अजून एक खेप हवी, असं सांगितलं. ती दसऱ्यानंतरच्या रविवारी ठरली.

मध्ये खंडेनवमी आली. पेडणेकरांकडे त्या दिवशी दुकानातली सगळी अवजारं वर घरी नेतात. तराजू, चिमटे, हातोड्या, कसोटीचा दगड. पाटावर मांडून काकू पूजा करतात. पिस्तूल नाना वर घेऊन गेले, सोबत दोन्ही रिकाम्या मॅगझिन. मी खाली दारात बंदूक घेऊन उभा होतो, कारण दुसऱ्या दिवशीच्या सोन्यासाठी लोक आदल्या दिवसापासूनच येतात. संध्याकाळी पिस्तूल परत आलं. त्याच्यावर हळदकुंकू होतं, झेंडूची पाकळी होती. मी ते उघडलं, पुसलं, तेल दिलं. मॅगझिन बाहेरून पुसल्या.

रविवारी नाना आले नाहीत, गुडघा दुखत होता. मी आणि निखिलदादा गेलो. लेन तीन. मी हाताला आली ती मॅगझिन भरली, दोन ठिपक्यांची. आठवी गोळी जाता जात नव्हती. मी सात घातल्या. नवी स्प्रिंग असते, असं मनाशी म्हटलं.

पहिल्या दोन गेल्या. तिसरीला स्लाइड अर्ध्यात थांबली. बघितलं तर गोळीचं नाक खाली झुकलेलं, नळीच्या तोंडाशी टेकलेलं. काढली. परत फायर. एक गेली, पुढची पुन्हा तशीच.

"काका, हे काय?"

"बघतो."

"मागच्या वेळी केस अडकत होती, आता गोळीच अडकतेय. वाढत चाललंय हे." त्याने मोबाइल काढला. "मी डीलरला फोन लावतो. वाट लागली. परत देऊन टाकू."

पिस्तूल नळी समोर करून टेबलावर ठेवलं आणि हात पँटला पुसले. त्या वेळी डोक्यात पिस्तूल नव्हतं. एजन्सीची दोन पोरं आमच्या दारात उभी आहेत आणि मी बॅग घेऊन एसटीत बसलोय, एवढंच दिसत होतं.

"निखिलदादा, पाच मिनिटं द्या."

"पाच मिनिटांत काय होणारे?"

"आधी मॅगझिन बघू द्या."

एका ठिपक्याची भरली. आठ बसल्या. आठही गेल्या, कुठे थांबणं नाही. तीच मॅगझिन पुन्हा भरली आणि, रेंजवर चालतं म्हणून, पिस्तूल निखिलदादाच्या हातात दिलं, म्हणजे हात बदलला. आठ गेल्या. मग दोन ठिपक्यांची भरून त्यालाच दिली. दुसऱ्याच गोळीला अडकली.

मागून रेंज ऑफिसरचा आवाज आला. "लेन तीन, स्टॉप. वेपन क्लिअर करा."

मी पिस्तूल रिकामं केलं, दाखवलं. ते जवळ आले. फौजेतलेच असावेत, उभं राहण्यावरून कळतं. "मॅगझिन?"

"तसंच वाटतंय, सर. उघडतो."

खालचं झाकण सरकवलं आणि स्प्रिंग अंगठ्याखाली धरून हळूच सोडली. टेबलावर तांदळाचा एक दाणा पडला. कुंकवाने लाल. मग मॅगझिन उलटी करून आपटली. अजून दोन पडले. एकावर तेल बसून तो मऊ झाला होता. चौथ्याचा चुरा स्प्रिंगच्या वेढ्यात.

रेंज ऑफिसर वाकून बघत होते.

"हे काय आहे?"

"अक्षता, सर."

त्यांनी एक दाणा बोटावर घेतला. "घरी पूजा झाली वाटतं."

"खंडेनवमीची."

"मॅगझिनमध्ये?"

निखिलदादा हसायला लागला. मग हसू थांबलं आणि तो लाल झाला. "आई पण ना. मी आत्ता फोन करतो तिला. काय चाललंय हे, लहान मुलांचा खेळ आहे का?"

"फोन नको," मी म्हटलं. आवाज जरा कडक गेला असावा, कारण तो थांबला. "मी सांगतो त्यांना. मला सांगू द्या."

मला आमचं कोत आठवलं होतं. पलटणीत दसऱ्याला हत्यारांची पूजा मोठी. धर्मगुरू सुट्टीवर असले की गुरव उस्तादच पूजेला बसायचे. त्यांच्या घरी गावच्या महादेवाची पूजा पिढ्यान्‌पिढ्या. तबक येण्याआधी ते प्रत्येक मॅगझिन फडक्यात गुंडाळून ठेवायचे. सुभेदार साहेबांनी एकदा विचारलं, झाकून कसली पूजा. उस्ताद म्हणाले, "साहेब, देवाला सगळं दिसतंय. कपड्यातनंबी दिसतंय." हे मला माहीत होतं, पण मुलुंडात पूजा वर झाली आणि मी खाली होतो.

मॅगझिन पुसली, स्प्रिंग पुसली, परत जोडली. आठ बसल्या. आठही गेल्या. पुन्हा आठ, तीही गेल्या. काडतुसं संपली.

संध्याकाळी नाना पाय स्टुलावर ठेवून बसले होते. निखिलदादाने सगळं सांगितलं, आईचा विषय हसत सांगितला, रागाने नाही. त्याबद्दल मी त्याचा आभारी आहे. नानांनी माझ्याकडे बघितलं.

"मग दत्ता, भरवसा आहे?"

"पिस्तुलावर आहे. एक नंबरच्या मॅगझिनवर आहे. दोन नंबरच्या मॅगझिनवर अजून नाही. दोनदा चालली, पण त्याआधी तीनदा अडकलीय. स्प्रिंगला काय झालं असेल सांगता येत नाही. ती ड्युटीला लावणार नाही. नवी मागवा."

"साफ केलीत ना? चालली ना?" निखिलदादा म्हणाला.

"चालली. पण माझं मन अजून खातंय."

वाटलं, आता एजन्सीचा विषय निघणार. नाना कसोटीचा दगड हातात घेऊन बसले होते, त्यांना सवय आहे. म्हणाले, "निखिल, सोनं घेताना एका रेघेवर तू पैसे देतोस का? मग. ज्याला 'नाही' म्हणता येतं तो माणूस दारात पाहिजे. एजन्सीवाल्याला फोन करून नको म्हणून सांग." मग माझ्याकडे वळून, "आणि मॅगझिन दोन मागवतो."

मी "जी" म्हणालो.

काकूंना सांगायचं राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी वर गेलो. अक्षता कागदाच्या पुडीत होत्या. काकू ओट्याशी होत्या.

"काय रे, तोंड एवढंसं का? चहा टाकू?"

"टाका. काकू, एक सांगायचं होतं." मी पुडी ओट्यावर उघडली.

त्यांनी चष्मा लावला, बघितलं. "सापडल्या तुला."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मीच ठेवल्या, मला माहीत नसणार? दर वर्षी बंदुकीवरचं कुंकू जिना उतरायच्या आत पुसतोस. मी काय बघत नाही होय? म्हटलं वरच्या पुसशील, आतल्या कशा पुसतोस बघू. नखाने दाबून बसवल्या मेल्या, चांगल्या चार."

"काकू, त्याने पिस्तूल अडकलं. काल रेंजवर. दारात अडकलं असतं तर..."

त्यांनी गॅस बंद केला आणि स्टुलावर बसल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"म्हणजे मी तुझ्याच जिवावर उठले होते."

"तसं नाही हो."

"तसंच." मग म्हणाल्या, "माझ्या डोक्यात ते पिस्तूल नव्हतंच रे. त्याला काय देव लागतोय. तू दिवसभर दारात उभा. तुझी बायको तिकडे. ती असती तर तिने तुझ्यावरून काहीतरी उतरवलं असतं, अंगारा लावला असता. ती इथे नाही. मग कुणी करायचं?"

मी फौजेत असताना आई गेली. त्यानंतर माझ्या नावाने कुणी देवापुढे काही ठेवत असेल, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. मी काकूंना तसं सांगितलं नाही. गॅस पेटवला, चहा मीच केला. कुकचं काम आहे, हात आपोआप चालतात. दोन कप भरले.

कप हातात घेऊन त्या म्हणाल्या, "मग पुढच्या वर्षी कसं करायचं? ते सांग."

"मॅगझिन फडक्यात गुंडाळून ठेवा. वरून कितीही टाका. आमचे उस्ताद तसंच करायचे."

"कोण उस्ताद? कुठे असतात?"

मुलुंडात चार वर्षं झाली. हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी सांगितलं.

काश्मीरमध्ये एका जंगलात आमच्या माणसांनी वेढा घातला होता. दोन दिवस ते वर बसून. सकाळी त्यांच्यासाठी पुरी-भाजी घेऊन आम्ही तिघे निघालो. एक माणूस कमी होता म्हणून उस्ताद स्वतः रायफल घेऊन सोबत आले. नाल्यात उतरलो आणि वरून फायर आला. आम्ही पाण्यात पडलो. रेडिओ उस्तादांकडे होता.

"नाले में हैं. चार जवान."

"हिलना मत. पार्टी आ रही है," पलीकडून उत्तर आलं.

मदतीची पार्टी येईपर्यंत तिथे कुणी उरलं नसतं, हे दिसत होतं. एका बाजूला दगडांचा आडोसा होता, पण तिथपर्यंत उघड्यावरून जायचं होतं. उस्तादांनी अंतर बघितलं.

"दत्तू, मी फायर धरतो. तू पयला. डबा टाक तिथंच."

"उस्ताद, तुम्ही?"

"हुकूम हाय."

मी डबा टाकला आणि पळालो. माझ्यामागे एक, त्याच्यामागे एक. त्या सगळ्या वेळात मागे त्यांची रायफल चालू होती. दोन-दोन गोळ्या, सावकाश, रेंजवर चालवावी तशी. आम्ही तिघे दगडांआड पोचलो. मग ती थांबली.

त्यांची रायफल कोतला आली तेव्हा उघडायला माणूस नव्हता. साहेबांनी मला बोलावलं, कारण त्यांच्याखाली शिकलेला मीच. मी हात धुतले आणि उघडली. चेंबर रिकामं. मॅगझिन रिकामी. कमरेच्या दोन्ही मॅगझिन रिकाम्या. कुठे गोळी अडकलेली नव्हती. मी साहेबांना तसं सांगितलं आणि त्यांनी लिहून घेतलं. हत्यार शेवटपर्यंत चाललं. गोळ्या संपल्या, एवढंच.

आम्हा तिघांपैकी एकाचं आता बेळगावात हॉटेल आहे. एक सुभेदार होऊन निवृत्त झाला. मी मुलुंडला आहे.

काकूंचा चहा गार झाला होता. खालून निखिलदादाने शटर वर केल्याचा आवाज आला. मी उठलो.

"थांब," काकू म्हणाल्या. "पूर्ण नाव काय त्यांचं?"

मी सांगितलं.

"वडिलांचं नाव परत सांग."

"रामचंद्र."

देवासमोर म्हणताना चुकू नये म्हणून त्यांनी एकदा मोठ्याने म्हणून बघितलं. स्वयंपाकघरात, हळू, एकेक शब्द सुटा. नाईक महादेव रामचंद्र गुरव.